पलूसच्या वर, दिवस मावळायच्या आत

फेब्रुवारी आला की मुंबईत हातगाड्यांवर द्राक्षं येतात आणि माझं लक्ष उडतं. परवा विमानतळाकडे जाताना सिग्नलला गाडी थांबली, शेजारी द्राक्षांचा हिरवा ढीग होता, आणि मी काच खाली करून वास घेतला. ताज्या द्राक्षाला कसला आलाय वास! वास असतो तो जाळीवर सुकत पडलेल्या द्राक्षाला. आंबूस, गोड, थोडा तेलकट. पलूसच्या पुढं आमची बाग होती आणि बागेच्या कडेला बेदाण्याचं शेड. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आमचं घर त्या वासात बुडालेलं असायचं. धुतलेल्या कपड्यांना तो यायचा, माझ्या शाळेच्या वह्यांना यायचा, आईच्या पदराला तर बारा महिने यायचा. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न वाजवला. "मॅडम, घ्यायची का द्राक्षं?" ड्रायव्हरनं विचारलं. मी नको म्हटलं. द्राक्षं कुणाला हवी होती!

त्यात या महिन्याच्या रोस्टरमध्ये मला संध्याकाळचं मुंबई–बेंगळुरू विमान आलंय. चार वर्षांनी तीच वेळ, तीच वाट आणि तोच हंगाम.

मी वैमानिक आहे. विमान उडवायचं म्हणजे दांडा धरून ढग कापत सुटायचं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आमचं निम्मं काम टायपिंगचं. दोन खुर्च्यांच्या मधे, गुडघ्यापाशी, छोटा पडदा आणि बटणं असतात. कुठून कुठं जायचं, कुठल्या वाटेनं, किती उंचीवर, वजन किती आहे, वर वारा कसा आहे, हे सगळं निघायच्या आधी त्याला सांगायचं. मग तो कॉम्प्युटर वाट आखतो आणि ती समोरच्या नकाशाच्या पडद्यावर गुलाबी रेघेनं उमटते. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं वाचून 'बरोबर' म्हणायचं, मगच शेवटचं बटण दाबायचं. एकट्याच्या लहरीवर तिथं काही चालत नाही. माझ्यासारख्या लहरी बाईला हे काम कुणी दिलं, असं आण्णा, म्हणजे माझे वडील, अजूनही विचारतात.

त्या नकाशाची एक गंमत आहे. विमान म्हणजे तळाशी एक पांढरा त्रिकोण, आणि तो जागचा हलत नाही. नकाशाच वरून सरकत त्याच्या अंगावर येतो. आणि त्या नकाशावर गावं नसतात. पाच-पाच अक्षरांचे बिंदू असतात, कुठल्याशा कचेरीत ठेवलेली, काही अर्थ नसलेली नावं. एसटीनं जाताना कसं, दर थोड्या वेळानं कुणाच्या तरी मामाचं, मावशीचं गाव लागतं. इथं अख्खा सातारा जिल्हा पायाखालून जातो, कराड जातं, कृष्णा वळणं घेत घेत सांगलीकडे जाते, आणि पडद्यावर नुसतं काळं. पहिल्यांदा त्या वाटेवरून गेले तेव्हा मला त्याचा चक्क राग आला होता.

म्हणून चार वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात मी 'फिक्स'चं पान उघडलं. आपल्याला हवी ती खूण नकाशावर ठेवायची ती सोय आहे. अक्षांश-रेखांश टाइप केले की तिथं एक हिरवं कडं उमटतं. वाट बदलत नाही, विमानाला त्या कड्याशी देणंघेणं नसतं. पण त्या खुणेच्या बरोबरीला आपण किती वाजता पोचू, एवढं यंत्र सांगतं. लोक त्यात अडचणीच्या वेळी उतरता येईल असा विमानतळ टाकतात. मी आमची द्राक्षबाग टाकली.

आण्णांनी बागेच्या मधोमध उभं राहून फोनवरून जागा पाठवली होती. फोन अंश दशांशात सांगतो, आमच्या यंत्राला अंश आणि मिनिटं लागतात. मी घाईत फोनवरचे आकडे तसेच बडवले आणि पहिले काही दिवस नदीपलीकडच्या कुणाच्या तरी उसावर माया करत राहिले. आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे, त्यांचाबी ऊस जरा वाढला आसंल." मग कागद-पेन घेऊन नीट गणित केलं आणि कडं नदी ओलांडून आमच्या रानात आलं.

आम्ही जैन. आई दिवस मावळायच्या आत जेवायची, आणि एकदा सूर्य गेला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. लग्नाच्या आधीपासूनचं तिचं हे. बेदाण्याच्या दिवसांत शेडवर केवढी गर्दी! बायका क्रेट ओतायच्या, द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुचकळून जाळीवर पसरायच्या, आण्णा आभाळाकडे बघत अवकाळीला शिव्या घालायचे. तरी ऊन बांधावरच्या जांभळीच्या शेंड्याला लागलं की आई हातातलं टाकून हात धुवायला जायची. लहानपणी मीही तिच्याबरोबर जेवायची. पुढं शिकायला सांगलीच्या वसतिगृहात गेले, तिथली मेसच अंधार पडल्यावर उघडायची, आणि माझं ते सुटलं. आईला कळलं होतं. तिनं कधी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी, मी नुकतीच फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून उजव्या खुर्चीत बसायला लागले होते, तेव्हा एकदा तिनं फोनवर विचारलं, "पद्मे, तुझं इमान जातं तरी कुठनं गं?"

"तुझ्या डोस्क्यावरनं," मी म्हणाले. आईशी बोलताना माझी जीभ आपोआप पलूसला जाते.

"चेष्टा करू नगंस."

"खरंच गं. साताऱ्यावरनं, कराडावरनं, आन् मग आपल्या रानावरनं."

"कवा?"

"दिवस मावळायच्या जरा आदी."

तिनं मनाशी वेळ जुळवली. मग म्हणाली, "मग तू वरनं गेलीस की जेवत जाईन मी."

मी हसले आणि विसरून गेले. आठवड्यानं आण्णांचा फोन. "आगं, ही खरंच बसती की शेडाम्होरं. ताट वाढून झाकून ठेवती आन् कराडाच्या अंगाला तोंड करून वर बघत बसती. बायका हसत्यात तिला."

माझं हसू तिथंच थांबलं, कारण मला हिशेब कळला. विमान वेळेवर असलं तर सूर्य मावळायच्या थोडं आधी ते पलूसवर पोचायचं. उशीर झाला तर सूर्य जाणार, आणि ताट तसंच झाकलेलं राहणार. मुंबईच्या धावपट्टीवर संध्याकाळी विमानांची रांग लागते. मागं कुणाची बैठक चुकत असायची, कुणाचं पुढचं विमान, आणि मी पुढं बसून आईच्या भाकरीचा विचार करत असायची. उडाल्यावर हात मोकळा झाला की आधी फिक्सचं पान. समोरून वारा लागला की तिथली वेळ एका मिनिटानं पुढं सरकायची आणि मी सूर्य किती उरलाय ते खिडकीतून बघायची. ज्या दिवशी वारा पाठीशी असायचा त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याला हात जोडायची.

मी तिच्याशी वादही घातला. म्हटलं, "आई, इतक्या उंचीवर सूर्य उशिरा मावळतो. तुझ्याकडं अंधार पडला तरी माझ्या खिडकीत ऊन आसतंय. म्हंजे दिवस आजून हाय. मी सांगते ना, जेव तू."

"तुझा दिवस तुझ्यापाशी. माझं ताट खाली हाय."

"सूर्य एकच हाय की गं."

"पिकलं खाली, शिजलं खाली, आन् दिवस तेवढा वरचा व्हय? शानीच हायस."

नेव्हिगेशनच्या, म्हणजे दिशा आणि वाट काढण्याच्या, परीक्षेत मला चांगले गुण पडले होते. हा प्रश्न त्यात आला नव्हता.

त्या हंगामात बहुतेक वेळा माझ्या डाव्या हाताला एकच कॅप्टन असायचे. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातले, हवाई दलातून आलेले, पांढऱ्या मिशांचे. जमिनीवर असेपर्यंत करकरीत इंग्रजी. एकदा विमान उंचीवर स्थिर झालं की बोली खंडाळ्याला परत जायची. त्यांना ते कडं दिसलंच.

"हे कशाचं कडं?"

"सर, घर."

"कुनाचं?"

"आमचं. पलूसजवळ."

आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली. ते पडद्याकडे वाकले. "दुसरं पान मोकळं हाय न्हवं?"

"आहे, सर."

"मग उद्यापासनं खंडाळं बी टाक."

"तिकडं कोण असतं, सर?"

"कोन न्हाई. कुलूप हाय. पन टाक."

तेव्हापासून आमच्या पडद्यावर दोन कडी. त्यांचं आधी यायचं, विमान अजून चढत असतानाच, आणि ते तळाला जाईपर्यंत कॅप्टन काही बोलायचे नाहीत. मग माझं. आईच्या ताटाची गोष्ट मी त्यांना सांगून टाकली होती. एकदा उशीर झाला असताना मी भीत भीत विचारलं, "सर, थोडा वेग वाढवला तर?"

"किती मिळंल?"

"मिनिटभर."

"मिनिटभरासाठी येवढं तेल जाळायचं? आन् कंपनीला काय सांगू, फर्स्ट ऑफिसरच्या आईची भाकर गार हुतीया?" असं म्हणून ते मिशीत हसले, पण लगेच म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगंस. वेळ आपल्या हातात नसती, पोरी." त्या दिवशी वाऱ्यानंच काम केलं आणि आई जेवली.

आणि मग ती मार्चच्या सुरुवातीची संध्याकाळ. निघायला उशीर झाला होता. साताऱ्याच्या जवळ येईपर्यंत माझे डोळे त्या वेळेवरून हलले नव्हते. जेमतेम जमत होतं. उजवीकडे कोयनेचं पाणी तांबूस झालेलं, सूर्य सह्याद्रीच्या वर हातभर. इतक्यात जमिनीवरच्या कंट्रोलनं रेडिओवर सांगितलं, मधले दोन बिंदू सोडा आणि सरळ पुढच्या बिंदूकडे जा. कुठल्याही वैमानिकाला हे बक्षीस वाटावं. वाट कमी, तेल कमी, उशीर थोडा भरून निघतो.

मी पुढच्या बिंदूचं नाव टाइप केलं. पडद्यावर एक तुटक पांढरी रेघ उमटली आणि गुलाबी रेघेपासून सुटून पूर्वेला, आटपाडी-जतच्या अंगाला गेली. बटण दाबेपर्यंत ती नुसता प्रस्ताव असते. दोन्ही रेघा समोर होत्या. एक घरावरून जाणारी, एक न जाणारी. हिरवं कडं उजव्या बाजूला एकटं राहिलं होतं. नियमाप्रमाणे मी कॅप्टनकडे बघितलं. त्यांनी रेघ वाचली, मग कड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरोबर हाय," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "दाब, पोरी."

मी दाबलं. पांढरी रेघ गुलाबी झाली, जुनी पुसली गेली, विमान सावकाश डावीकडे कललं. कडं पडद्याच्या उजव्या कडेनं खाली सरकत गेलं आणि दिसेनासं झालं. खिडकीतून लांबवर कृष्णा चमकत होती. तिथंच कुठंतरी आई मान वर करून, मी नसलेल्या आभाळात मला शोधत होती. ते विमान तिथंच थांबवून उतरावं आणि रानातून पळत जाऊन तिला सांगावं, आई, जेव गं, असं मला वाटत राहिलं.

बेंगळुरूला उतरल्यावर पहिला फोन तिला. "जेवलीस?"

"न्हाई. आज दिसलंच न्हाई तुझं इमान. वाट बघंस्तोवर दिवस गेला."

मग मी भडकले. विमानतळाच्या बसमध्ये चार माणसांत उभी राहून तिला वाट्टेल ते बोलले. हा कसला हट्ट, उपाशी राहून कुणाचं भलं होणार आहे, उद्यापासून हे बंद, नाहीतर मी या वाटेवर येणारच नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"तू शिकायला सांगलीला गेलीस, तवापासनं तू कुठं आसतीस, कवा जेवतीस, मला काय बी ठाऊक न्हाई बघ. फोनवर सांगतीस. पन फोनवर काय दिसतंय? ह्या येका येळंला मला ठाऊक आसतं, माझी पोरगी हितं हाय. बराब्बर माझ्या डोस्क्यावर. त्येच्यापायी येकांदी भाकर ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे की गं."

बस थांबली, लोक उतरले, मी फोन कानाला लावून तशीच उभी. कितीतरी लोकांनी माझ्यावर प्रेम केलंय, पण मी नेमकी कुठं आहे याची इतकी भूक कुणाला नव्हती. पुन्हा मी तिच्याशी त्यावरून भांडले नाही. विमान जेव्हा बरोबर डोक्यावर असतं तेव्हा वरून ती जागा दिसत नाही, ती विमानाच्या पोटाखाली असते, हेही मी तिला कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं, मीही तिला बघतेय. तसं वाटू दिलं.

पुढं दिवस मोठा होत गेला आणि उशीर झाला तरी सूर्य सापडायला लागला. ते शेवटचे आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. आई रोज जेवत होती, शेडवरचा बेदाणा पिवळा-हिरवा होत होता, कॅप्टन खंडाळ्यावर गप्प बसत होते. मार्च संपला, उन्हाळ्याचं वेळापत्रक लागलं आणि ते विमान सकाळी गेलं. बेदाणा खोक्यांत भरून तासगावच्या कोल्ड स्टोरेजला गेला. एवढाच तो हंगाम.

मधल्या काळात आण्णांची पाठ गेली. बागेला माणसं मिळेनात. दोन हंगाम रेटून शेवटी बाग काढली. वेली उपटताना आई घराबाहेर आली नाही. रान चुलत्यांना उसासाठी दिलं आणि दोघं माझ्याकडे, मुंबईला, अकराव्या मजल्यावर आले. विमानतळ जवळ. दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान इतक्या खालून जातं की चाकं मोजावीत. आई मान वर करत नाही. मी एकदा म्हणाले, "आई, हितं बघ की, किती इमानं दिसत्यात!"

"त्यातलं तुझं कुठलं?" तिनं विचारलं.

पश्चिमेला दुसरी इमारत आहे. सूर्य तिच्यामागं लवकर दडतो आणि मावळला कधी ते कळत नाही. आण्णा फोनमध्ये वेळ बघून सांगतात, "आजून हाय, बस जेवायला." आई फ्रिजकडे तोंड करून जेवते. गेल्या वर्षापासून तिचं जेवणच कमी झालंय. अर्धी भाकरी ताटात राहते. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मनगटं इतकी बारीक झालीत की बांगड्या कोपरापर्यंत जातात. मला भीती वाटते, आणि मी ती कुणाला बोलून दाखवत नाही. मला त्या शेडसमोरची, मान वर केलेली आई हवी आहे. ती माझ्याच घरात, दहा पावलांवर बसलेली असताना मला तिची आठवण येते, हे कुणाला सांगायचं?

या महिन्याचं रोस्टर मी तिला वाचून दाखवलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले.

"परत आपल्या रानावरनंच?"

"व्हय."

"त्याच टायमाला?"

"व्हय, आई."

ती पुन्हा घड्या घालायला लागली. दुसऱ्या दिवशी मी निघाले तर दारात डबा घेऊन उभी. मी म्हटलं, वर जेवण मिळतं. तिनं डबा माझ्या बॅगेत स्वतःच्या हातानं कोंबला.

"हाटेलातल्यागत कवाबी उगडू नगंस. रान आलं की उगड. दिवस मावळायच्या आत."

"आता तिथं आपलं काय हाय गं? ऊस हाय चुलत्यांचा."

"म्हनूनच सांगतीया. सासू जेवली तिथं, मी जेवले. तुझ्या इमानापायी ऱ्हायलं ते सोडलं तर येका बी दिशी दिवस कोरडा मावळू दिला न्हाई आमी त्या रानावर. आता कोन हाय? तू जातीस न्हवं वरनं? मग तू जेव."

आता मी कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसते. शेजारी केरळची एक सहवैमानिक होती. फिक्सचे आकडे मी सांगितले, तिनं टाइप केले, मी वाचून बरोबर म्हटलं. कुठला विमानतळ, असं तिनं विचारलं. विमानतळ नाही, म्हटलं, आणि तिनं पुढं विचारलं नाही. विमान वेळेवर निघालं होतं. सातारा मागं पडला, कराड आलं, संगमापाशी कृष्णा-कोयनेचं पाणी उन्हानं पेटलं होतं. कडं वरून हळूहळू माझ्याकडे येत होतं. मी विमान तिच्याकडे सोपवलं, खुर्ची मागं घेतली आणि डबा मांडीवर उघडला. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. कडं त्रिकोणाला टेकलं तेव्हा पहिला घास माझ्या तोंडात होता. खाली उन्हाची शेवटची पट्टी अजून होती. मी सावकाश जेवले. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं, पुन्हा जेवले. शेवटचा तुकडा संपेपर्यंत जत मागं पडलं असेल.

उतरल्यावर फोन केला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"जेवलीस?"

"जेवले."

"कुठं?"

"घरी," मी म्हणाले.

मग आईनं विचारलं, "दोडक्यात मीठ बराब्बर हुतं न्हवं?" आणि मागून आण्णांचा आवाज आला, "तिला सांग की, आज तू पुरी भाकर खाल्लीस म्हनून."